द्राक्षमळा आणि सीप्झ

अंधेरीच्या पूर्वेला, मरोळ आणि कोंडिविटे या जुन्या गावांच्या परिसरात, ‘सीप्झ’ नावाची एक कुंपण घातलेली नगरी आहे. ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’ या लांबलचक नावाचे हे आद्याक्षरी रूप. निर्यातीच्या उद्योगांसाठी केंद्र सरकारने १९७३ साली हा विभाग वसविला. आत शिरायचे तर फाटकावर ओळखपत्र दाखवावे लागते. आत एकीकडे हिरे आणि दागिने घडविणारे कारखाने, दुसरीकडे संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या कंपन्या. आणि या सगळ्या वर्दळीत, झाडीने वेढलेले, छप्पर गेलेले एक जुने चर्च उभे आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नावाने जेझुइट धर्मगुरूंनी ते १५७९ साली बांधले. १८४०च्या साथीने गाव ओस पडले, लोक मरोळला सरकले आणि धर्मग्रामही त्यांच्याबरोबर मरोळला गेला. मागे नुसत्या भिंती राहिल्या. वर्षातून एकदा भाविक तेथे मिस्सासाठी जमतात. एरवी तेथे शांतता असते.

अशाच एका मिस्साच्या वेळी त्या भिंतींच्या सावलीत उभा असताना माझी नजर समोरच्या इमारतींच्या खिडक्यांकडे गेली. सुट्टीचा दिवस असूनही काही खिडक्यांत दिवे होते. माझ्या धर्मग्रामातील कितीतरी मुलांनी आपल्या तरुणपणाची वर्षे अशाच खिडक्यांमागे काढली आहेत. त्यांतील दोघांची हकीगत मी आज सांगणार आहे. या लेखात पापनिवेदनात ऐकलेला एकही शब्द नाही, हे आधीच सांगतो. जे लिहिले आहे ते त्या दोघांनी उघडपणे सांगितलेले आहे आणि दोघांच्या संमतीनेच लिहिले आहे. नावे मात्र मी देणार नाही. एक जण आमच्या गायनवृंदात ऑर्गन वाजवीत असे, दुसरा गिटार. तेवढीच ओळख पुरे.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. या दोघांचे वडील कारखान्यांत कामाला होते. त्या पिढीत मरोळ, साकीनाका, भांडुप, मुलुंड हा सारा पट्टा कारखान्यांच्या भोंग्यावर जागा होत असे. सकाळचा भोंगा, जेवणाचा भोंगा, सुटीचा भोंगा. डबा, पाळी, युनियन, बोनस आणि पंचवीस वर्षे झाली की मनगटी घड्याळ, असे ते आयुष्य होते. ते सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. १९८२च्या गिरणी संपाने लाखो घरांची काय दशा केली ती माझ्या पिढीने पाहिली आहे, आणि पुढे उपनगरांतले कारखानेही एकेक करून बंद होताना पाहिले आहेत. पण एक गोष्ट होती. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार कपातीचा काही नियम घालून दिला होता. साधारणपणे जो शेवटी आला तो आधी जाईल, आणि जाणाऱ्याला केलेल्या नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळेल. जुन्या माणसाची बूज राखावी हा विचार त्या रुक्ष कलमामागे होता.

सॉफ्टवेअरचा धंदा आला तो या सगळ्यापासून वेगळा. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईतच सुरू झाली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सीप्झमध्ये टाटा-बरोज ही कंपनी आली. पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सची स्थापना १९७८ची. त्याच पाटणीतून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली इन्फोसिस काढली. त्या काळात संगणक इतका महाग होता की माणसाने यंत्राच्या वेळेप्रमाणे जागायचे, यंत्राने माणसाच्या नव्हे. रात्री अपरात्री यंत्र मोकळे मिळाले की मुले येऊन काम करीत. त्या जागरणाचेही एक कौतुक होते. माणसे थोडी होती, एकमेकांना नावाने हाक मारीत आणि साहेबाला ‘सर’ म्हणत नसत, याचे आमच्या कारखानी वडीलमंडळींना फार आश्चर्य वाटे.

पुढे या कंपन्यांची नावेही टिकली नाहीत. टाटा-बरोजची टाटा युनिसिस झाली, मग टाटा इन्फोटेक झाली आणि शेवटी ती टीसीएसमध्ये विरघळली. पाटणी २०११ साली तिच्याहून लहान असलेल्या आयगेटने विकत घेतली, आणि २०१५ साली आयगेटला फ्रान्सच्या कॅपजेमिनीने घेतले. म्हणजे एखादा माणूस त्याच टेबलाशी बसून राहिला तरी चार वर्षांत त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर तिसरे नाव आले. नाव बदलले की रजेचे नियम बदलतात, हुद्दे बदलतात, आणि आपण कोणाचे आहोत हे माणसाला नव्याने शिकावे लागते. माझे दोघे यांपैकी कोणत्याही कंपनीत नव्हते. त्यांची कंपनी वेगळी. तिचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण जे तेथे घडले ते अनेक ठिकाणी घडले आहे.

आता माझा स्वतःचा भाग. गोरेगावच्या सेमिनरीतून बाहेर पडून, गुरुदीक्षा घेऊन मी या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून प्रथम आलो तेव्हा नवे सहस्रक तोंडावर आले होते. इसवी सन दोन हजार उजाडताच जगातले संगणक गोंधळतील, कारण जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले आहेत, अशी धास्ती सर्वत्र होती. ती दुरुस्ती करायला माणसे हवी होती आणि आपल्या मुलांना त्यातून परदेशाची दारे उघडत होती. मी उत्साहाने चर्चच्या हॉलमध्ये संगणकाचा वर्ग सुरू केला. एका दानशूर कुटुंबाने दिलेली तीन जुनी यंत्रे, एक पंखा आणि शिकवायला एक महाविद्यालयीन तरुण. रविवारी प्रवचनानंतर मी वेदीवरून घोषणा करीत असे, “मुलांनो, बाबांचा कारखाना उद्या असेल की नाही सांगता येत नाही. संगणक शिका. या कामाला मरण नाही.” आज ते वाक्य आठवले की कान गरम होतात. ऑर्गनवाला आणि गिटारवाला दोघेही त्या वर्गात होते. दोघांनाही शिफारसपत्रे मीच लिहून दिली होती. २००३ साली दोघे एकाच कंपनीत लागले आणि दोघांच्या आयांनी एकाच रविवारी पेढे वाटले.

त्या पहिल्या वर्षांविषयी दोघे बोलू लागले की त्यांचे चेहरे उजळतात. गिटारवाल्याच्या लग्नाला कंपनीची बस भरून माणसे आली होती आणि त्याचा साहेब, जो तमिळ ब्राह्मण होता, त्याने मिस्साच्या वेळी सर्वांबरोबर उठण्या-बसण्याची शिकस्त केली होती. एखाद्याचे काम अडले तर दुसरा आपले आवरून त्याच्याजवळ जाऊन बसे. रात्री उशीर झाला तर कंपनीची गाडी दारापर्यंत सोडी. गिटारवाल्याच्या वडिलांच्या दफनाला त्याचा सारा गट आला होता. “फादर, तेव्हा वाटायचं की कंपनी म्हणजे दुसरं धर्मग्राम आहे,” असे तो एकदा म्हणाला होता.

ते बदलले कसे? एका दिवसात नव्हे. या धंद्याचा हिशेब साधा आहे. कंपनी माणसाचे तास परदेशी गिऱ्हाइकाला विकते. ज्याचे तास विकले जात आहेत तो कामावर, ज्याचे विकले जात नाहीत तो ‘बेंच’वर. पूर्वी बेंच म्हणजे दोन कामांमधली विश्रांती होती. त्या काळात माणूस नवे काहीतरी शिके. हळूहळू बेंच ही शंकेची जागा झाली. किती दिवस बेंचवर बसलास याचा हिशेब ठेवला जाऊ लागला. माणूस स्वतःच कंपनीतल्या निरनिराळ्या गटप्रमुखांना फोन करून ‘माझ्यासाठी काही काम आहे का’ असे विचारू लागला.

दुसरी गोष्ट गुणांकनाची. वर्षाच्या शेवटी प्रत्येक गटातील माणसांना घंटेच्या आकाराच्या आलेखात बसवायचे. थोडे उत्तम, पुष्कळसे मध्यम आणि थोडे खालच्या टोकाला. गटातील सर्वांनी जीव तोडून काम केले असले तरी खालच्या टोकाला कोणीतरी असलेच पाहिजे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने जॅक वेल्श यांच्या कारकिर्दीत ही रीत गाजविली. पुष्कळांनी तिचे अनुकरण केले आणि पुढे मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने २०१३ साली ती सोडूनही दिली. पण ती आपल्याकडे रुजली तेव्हा तिने एक काम चोख केले. शेजाऱ्याचे अडलेले काम सोडवायला आपली खुर्ची सोडणारा माणूस दोनदा विचार करू लागला. शेजारी वर चढला तर मी खाली येईन, हे गणित प्रत्येकाला समजले होते. ऑर्गनवाला मला म्हणाला, “फादर, कुणी वाईट झालं नाही. फक्त सगळे आपापल्या खुर्चीवर बसून राहिले.”

मग मार्च २०२० आला. खुर्च्या घरी आल्या. टाळेबंदीत पहिले काही महिने लोकांना बरे वाटले. लोकलचा प्रवास वाचला, मुले डोळ्यांसमोर राहिली. पण दोन खोल्यांच्या घरात कंपनी शिरली ती बाहेर पडेना. रात्री अकराला अमेरिकेची सकाळ होते. माझ्या ओळखीच्या एका घरात सहा महिने रोझरी स्वयंपाकघरात कुजबुजत म्हणत असत, कारण बाहेरच्या खोलीत बैठक चालू असे. गिटारवाल्याच्या आईला त्याच काळात पक्षाघात झाला. तो एका हाताने तिला भरवी आणि दुसऱ्या हाताने काम करी. कामात कसूर झाली नाही, पण पुढे जाण्यासाठी जे नवे शिकायचे ते त्याच्याकडून झाले नाही. तो जुन्या मोठ्या यंत्रांवरची, विमा कंपन्यांची कामे जाणणारा माणूस. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला दोन वर्षे केवळ पडद्यावर पाहिले. नव्याने आलेल्या तिशीतल्या मुलांना तर त्याच्या आईचा आजारही ठाऊक नव्हता.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, जी आज्ञावल्या स्वतः लिहिते. जुलै २०२५मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या आणि वरच्या हुद्द्यांवरची माणसे होती. त्या आठवड्यात माझ्या धर्मग्रामात कितीतरी घरांतून दबक्या आवाजात बोलणे चालू होते, आणि ती सगळी काही त्या कंपनीतली घरे नव्हती. ‘टाटांच्या घरात होऊ शकते तर’ हे अर्धे वाक्य मी त्या दिवसांत अनेकदा ऐकले. ते कोणी पुरे केले नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, पावसाच्या एका रात्री, ऑर्गनवाला माझ्याकडे आला. तो आता कंपनीत मोठा झाला होता. चाळीस माणसे त्याच्या हाताखाली होती. त्याला शुक्रवारपर्यंत चार नावे द्यायची होती. त्या चारांत गिटारवाल्याचे नाव येत होते. येत होते म्हणजे, सगळ्या रकान्यांची बेरीज केली की यादीच्या तळाशी तेच नाव राहत होते. सत्तर दिवस बेंच, पगार तीन नव्या मुलांइतका, आणि त्याचे जुने गिऱ्हाईक निघून गेलेले. “त्याचं नाव काढलं तर दुसरं एक नाव वर येतं,” तो म्हणाला. “ती बाई विधवा आहे. तिचं घराचं कर्ज आहे. फादर, नाव लिहिणं हे पाप आहे का?”

मी सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेला माणूस. मी त्याला दुसऱ्याच्या चुकीच्या कृत्यात होणाऱ्या सहकार्याचे प्रकार समजावून सांगितले. त्या कृत्याचा हेतू स्वीकारून केलेले सहकार्य वेगळे आणि हेतू न स्वीकारता, नाइलाजाने केलेले वेगळे. निर्णय तुझा नाही, तू केवळ अंमलबजावणी करणारा आहेस, असेही मी म्हणालो असेन. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “तुमचं बरोबर असेल, फादर. पण आमच्या मनुष्यबळ खात्याची चिठ्ठी पण अगदी अशीच असते.” आणि थोडे थांबून त्याने विचारले, “अंकलना आपण कसं सांगितलं होतं, तुम्हाला आठवतं का?”

मला आठवत होते. मी या धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू म्हणून परत आल्यावर, २०२२ साली, आम्ही स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी संगणकावर घेतल्या. त्यासाठीची व्यवस्था याच ऑर्गनवाल्याने विनामूल्य करून दिली होती. ती इतकी सोयीची झाली की दाखला हवा असणाऱ्याला दोन मिनिटांत छापून मिळू लागला. साहजिकच कार्यालयातल्या लिपिकाला काम उरले नाही. ‘अंकल’ म्हणून सारे गाव ज्यांना ओळखत असे ते एकतीस वर्षे त्या टेबलाशी बसत होते. कोणाचे लग्न कधी झाले, कोणत्या घरात दोन मुलांची नावे एकच आहेत, हे त्यांना वही न उघडता सांगता येई. आम्ही दोघांनी, मी आणि ऑर्गनवाल्याने, याच खोलीत बसून ठरविले की आता अंकलनी विश्रांती घ्यावी. आर्थिक समितीने ठराव केला. मी छापील पत्र तयार करवले. त्यात त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभार होते आणि परमेश्वराचा आशीर्वाद चिंतिला होता. नियमाप्रमाणे जे देणे होते ते दिले. कोठेही चूक नव्हती.

त्या रात्री ऑर्गनवाला गेल्यावर मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंकलच्या घरी गेलो. गावठाणातले बैठे घर, दारात क्रूस, ओटीवर वाळत घातलेली चादर. तीन वर्षांत मी त्यांच्याकडे आशीर्वादाच्या फेरीखेरीज गेलो नव्हतो. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, सरबत करवले. मी कसाबसा विषय काढला. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुम्ही वाईट केलं नाही, फादर. माझे डोळे गेलेच होते. कधीतरी थांबायचंच होतं. पण तुम्ही पत्र पाठवलंत. मी शेजारच्याच खोलीत बसलो होतो.”

एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी क्षमा मागितली. त्यांनी मान हलविली आणि विचारले, “ती मृत्यूची जुनी वही तुम्ही चढवलीत का संगणकावर? बांधणीच्या वेळी तिची दोन पानं उलटी शिवली गेली आहेत. साथीच्या वर्षाची. सांभाळून बघा.” मी घरी येऊन पाहिले. दोन पाने उलटी होती आणि आम्ही त्या नोंदी चुकीच्या वर्षात घातल्या होत्या. अंकलनी पुन्हा आठवड्यातून एक दिवस यावे असे मी त्यांना सुचविले, पण गुडघ्यांचे कारण सांगून त्यांनी नको म्हटले. ते कारण खरे होते की नाही, हे विचारण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

संध्याकाळी मी ऑर्गनवाल्याला फोन केला आणि घडले ते सांगितले. नाव लिही किंवा लिहू नको, यांपैकी मी काहीच सांगितले नाही. ते सांगण्याइतके शहाणपण माझ्यापाशी नव्हते. एवढेच म्हणालो की पत्राच्या आधी तू जा.

त्याने शुक्रवारी नाव लिहिले. आणि शनिवारी सकाळी, कंपनीची सक्त मनाई असताना, तो गिटारवाल्याच्या घरी जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मंगळवारी तुला बोलावतील. नाव मी लिहिलं आहे.” गिटारवाल्याने दार लावून घेतले. मंगळवारी बैठक झाली. ती बारा मिनिटे चालली. ‘स्वेच्छेने’ राजीनामा दिल्यास तीन महिन्यांचा पगार आणि चांगला दाखला, नाही तर कामावरून काढल्याची नोंद, असे दोन पर्याय होते. बावीस वर्षांच्या नोकरीला वडिलांच्या कायद्याप्रमाणे किती पडले असते, त्याचा हिशेब त्याने नंतर कागदावर करून मला दाखविला. अकरा महिन्यांचा पगार होत होता. त्याने राजीनामा दिला. लॅपटॉप जमा केला, गळ्यातली पट्टी काढून दिली, आणि रखवालदार त्याला फाटकापर्यंत सोडायला आला. रखवालदार बिचारा ओशाळून म्हणाला, “साहेब, मला सांगितलंय म्हणून.”

वाचकहो, येथे दोघांनी एकमेकांना मिठी मारली असे लिहिता आले असते तर मला आनंद झाला असता. तसे घडलेले नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला ऑर्गन वाजला, गिटार वाजली नाही. गिटारवाला मागच्या खांबापाशी उभा होता. पुढे काही महिन्यांनी त्याला एका लहानशा इस्पितळाच्या संगणकांची देखभाल करण्याचे काम मिळाले. पगार निम्म्याहून कमी आहे, परंतु रात्री तो घरी असतो आणि आईला स्वतः भरवतो. आता ते दोघे चर्चच्या आवारात भेटले की मान हलवून एकमेकांची दखल घेतात. मी गिटारवाल्याला या लेखासाठी संमती मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “लिहा, फादर. त्यानं नाव लिहिलं याचा राग अजून आहे. पण तो आला होता, हेही लिहा. बाकी कोणी आलं नाही.”

प्रभू येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावर मी जन्मभर प्रवचने केली आहेत. संध्याकाळी पाच वाजता मळ्याचा धनी बाजारात जातो आणि तेथे रिकामे उभे असलेल्यांना विचारतो, तुम्ही दिवसभर का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. अंधेरी, घाटकोपर, बोरीवली येथे सकाळी नाक्यावर उभे राहणारे मजूर दाखवून मी हा दृष्टान्त समजावीत असे. बेंच हाही वातानुकूलित नाकाच आहे, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. त्या दृष्टान्तातला धनी दिवसातून पाच वेळा स्वतः बाजारात जातो. त्याच्यापाशी कारभारी आहे. संध्याकाळी मजुरी वाटायला तो कारभाऱ्यालाच सांगतो. पण माणसांना भेटायला तो स्वतः जातो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमावर एक परिपत्रक प्रसिद्ध केले. योगायोगाने ते वर्ष इन्फोसिसच्या जन्माचे. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की श्रमाचे मोल कामाच्या प्रकारावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. आता गादीवर असलेल्या पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५मध्ये आपल्या नावाचे कारण सांगताना तेराव्या लिओंच्या काळातील औद्योगिक क्रांतीची आठवण केली आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने श्रमापुढे उभ्या केलेल्या प्रश्नांचा उल्लेख केला. हे सर्व मला परीक्षेपुरते ठाऊक होते. तरीही छापील पत्र मी शेजारच्या खोलीत पाठविलेच.

सीप्झच्या कंपन्यांनी काय करावे हे सांगणारा मी कोणी नाही. धंद्याचे चक्र फिरते, गिऱ्हाईक जाते, जुनी विद्या निरुपयोगी होते. कारखान्यांच्या काळीही हे होतच होते. आम्ही आमच्या पातळीवर दोन गोष्टी केल्या. धर्मग्रामाच्या नोकरांची, सक्रिस्टनपासून सफाई करणाऱ्या बाईपर्यंत, भविष्यनिर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची कागदपत्रे तपासून नीट केली. आणि दर गुरुवारी संध्याकाळी, ज्या हॉलमध्ये एकेकाळी तीन संगणक मांडले होते, तेथे नोकरी गेलेली माणसे बसतात. कोणी अर्ज लिहून देतो, कोणी वकिलाचा पत्ता देतो, पुष्कळदा नुसता चहा होतो. गिटारवाला दोनदा आला होता.

ऑर्गनवाल्याचा प्रश्न माझ्यापाशी तसाच आहे. नाव लिहिणे हे पाप होते का, याचे उत्तर मी त्याला अजून दिलेले नाही. पण हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या हाती आज अशी एखादी यादी असेल, कंपनीत, शाळेत, सोसायटीत किंवा चर्चच्या कार्यालयात, तर त्याला माझे एवढेच सांगणे आहे. पत्र लिहायचे असेल तर लिहा. पण ते लिहिण्याआधी उठा आणि शेजारच्या खोलीत जा.